कवटीतील गाठ ओळखताना पॅथॉलॉजीच्या जनकाचीही चूक झाली. कोण होते रुडॉल्फ फिरखो?

कवटीच्या तळाशी वाढलेली गाठ कूर्चेची आहे की दुसऱ्या कशाची, यावर आजही रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखाली हा प्रश्न सर्वात आधी हाताळणाऱ्यांपैकी एक होते जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो. आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक मानल्या जाणाऱ्या फिरखो यांचे उत्तर मात्र चुकले.

कोण होते फिरखो?
फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियात झाला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. ल्युकेमिया हे नाव त्यांनीच दिले. १८४८ मध्ये सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून त्यांनी गरिबी आणि सरकारी अनास्थेवर बोट ठेवले. त्याच वर्षीच्या क्रांतीत ते उतरले आणि बर्लिनमधील पद गमावून बसले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. आजाराची सुरुवात पेशीत होते, हा त्यांचा सिद्धांत १८५८ मध्ये पुस्तकरूपात आला.

चूक काय झाली?
१८५७ मध्ये शवविच्छेदनात त्यांना कवटीच्या तळाच्या हाडावर, मेंदूच्या देठासमोर, जेलीसारख्या छोट्या गाठी दिसल्या. त्यातील पेशी बुडबुड्यांनी भरलेल्या होत्या. हे हाड आधी कूर्चेचे असते आणि नंतर कठीण होते. त्यामुळे गाठही कूर्चेचीच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी हाइनरिश म्युलर यांनी वेगळे मत मांडले. गर्भात मणक्यांच्या आधी तयार होणाऱ्या दांड्याचे, म्हणजे नोटोकॉर्डचे, हे अवशेष असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. १८९० च्या दशकात ह्यूगो रिबर्ट यांच्या सशांवरील प्रयोगांनी त्याला बळ दिले. अशा पेशींच्या कर्करोगाला कॉर्डोमा हे नाव मिळाले.

युवराजाचा तुकडा
१८८७ मध्ये जर्मन युवराज फ्रेडरिक यांच्या घशातील गाठीचा तुकडा फिरखो यांच्याकडे आला. त्यात कर्करोग दिसला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. फ्रेडरिक सम्राट झाले, पण ९९ दिवसांतच घशाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. सूक्ष्मदर्शकाला फक्त हाती आलेला तुकडाच दिसतो, हे यातून स्पष्ट झाले.

आज निदान कसे होते?
कूर्चेचा कर्करोग, म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमा, बहुधा मध्यरेषेच्या बाजूला असतो, तर कॉर्डोमा मध्यभागी. एमआरआयमध्ये दोन्ही सारखेच पांढरे दिसू शकतात. एस-१०० ही चाचणीही दोन्हींत पॉझिटिव्ह येते. निर्णायक ठरते ते ब्रॅकियुरी प्रथिन. ते कॉर्डोमात आढळते, कॉन्ड्रोसार्कोमात नाही. दोन्हींत शस्त्रक्रिया आणि अनेकदा प्रोटॉन रेडिएशन लागते. मात्र कमी तीव्रतेच्या कॉन्ड्रोसार्कोमाचे रुग्ण तुलनेने बरेच चांगले राहतात. म्हणूनच अचूक निदान महत्त्वाचे.

ट्राममधून उतरताना पडल्यानंतर काही महिन्यांनी, ५ सप्टेंबर १९०२ रोजी, फिरखो यांचे निधन झाले. कॉर्डोमाच्या बुडबुडेदार पेशींना आजही त्यांनीच दिलेल्या फिजॅलिफोरस या नावाने ओळखतात. गाठीच्या नावातून गेली ती फक्त कूर्चा.