रबींच्या आईचा प्रश्न

कॉलेजमधून घरी आलात की पहिला प्रश्न काय येतो? लेक्चरला बसलास का, सबमिशन झालं का, मार्क किती पडले. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्तीतली एक आई मात्र आपल्या मुलाला वेगळंच विचारायची. आज वर्गात एखादा चांगला प्रश्न विचारलास का? त्या मुलाचं नाव इसिडोर रबी. फुटबॉल खेळताना तुमचा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला, तर त्या मशिनच्या मुळाशी याच मुलाने पुढे केलेलं काम असतं.

रबीचा जन्म 29 जुलै 1898 चा. गाव तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतलं, आजच्या पोलंडमधलं. तान्हा असतानाच तो अमेरिकेत आला. नाव इस्रायल, घरात हाक इझी. शाळेत घालताना कुणीतरी इझी म्हणजे इसिडोर असणार असं समजून तेच लिहिलं आणि ते कायमचं चिकटलं. वडील मिळेल ते काम करायचे, नंतर त्यांनी किराणा दुकान टाकलं. पोराला नाद लागला तो सार्वजनिक वाचनालयाचा.

करिअरबद्दल गोंधळलेले असाल, तर पुढचं नीट वाचा. रबींनी कॉर्नेल विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग सुरू केलं, ते सोडून केमिस्ट्री घेतली आणि 1919 मध्ये पदवी मिळवली. त्यानंतरची तीन वर्षं मनासारखं काही हाती लागलं नाही. मग लक्षात आलं की केमिस्ट्रीतला आपल्याला आवडणारा भाग म्हणजे खरं तर फिजिक्स आहे! 1927 मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पीएचडी, मग युरोपात दोन वर्षं शिक्षण आणि 1929 पासून पुन्हा कोलंबियात, या वेळी शिक्षक म्हणून.

तिथे त्यांनी आपला चांगला प्रश्न धरला. अणूचं केंद्रक इवल्याशा लोहचुंबकासारखं वागतं. मग त्याची ताकद मोजायची कशी? त्यांनी रेणूंचा झोत चुंबकांमधून सोडला आणि त्यावर रेडिओ लहरी टाकल्या. झोपाळ्याला नेमक्या तालात धक्का दिला की तो उंच जातो ना, तसंच काहीसं घडलं. लहरींचा ताल जुळला की केंद्रकं पलटी खायची. 1938 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि 1944 चं नोबेल रबींना मिळालं.

यात पेशंट कुठेच नव्हता. 1946 मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांनी हीच गोष्ट द्रव आणि घन पदार्थांत करून दाखवली. 1973 मध्ये पॉल लॉटरबर यांनी त्यातून चित्र काढलं. आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणजे हायड्रोजनही भरपूर. त्यामुळे एक्स-रेला नीट न दिसणारे मऊ भाग इथे दिसतात. गुडघ्याचा फाटलेला लिगामेंट, मणक्यातली सरकलेली चकती, मेंदूतली गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग. अखेरच्या आजारपणात खुद्द रबींचाही एमआरआय झाला. मशिनच्या चकचकीत आतल्या भागात त्यांना आपलाच चेहरा वेडावाकडा दिसला. आपलं काम इथवर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. 11 जानेवारी 1988 ला ते गेले.

आता तुमच्या कामाचं. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे किरण नसतात, त्याचं टेन्शन नको. धोका आहे तो चुंबकाचा. नेहमीच्या 1.5 टेस्ला मशिनचं क्षेत्र पृथ्वीच्या सुमारे 30 हजार पट असतं आणि स्कॅन चालू नसतानाही चुंबक सहसा चालूच असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा सिलिंडर त्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. तो पेशंटही नव्हता, नातेवाइकासोबत आला होता.

म्हणून सोबत जाणार असाल तरी मोबाइल, किल्ल्या, कडं, बेल्ट बाहेर ठेवा आणि सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. आत झोपणार असाल तर पिअर्सिंगही काढा, आणि आवाज मोठा असतो, कानाला संरक्षण मागून घ्या. त्याआधी एक फॉर्म मिळेल. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, हाडात बसवलेली पट्टी, वेल्डिंग करताना डोळ्यात उडालेला कण, टॅटू, गर्भधारणा, किडनीचा त्रास. यातलं काही असलं म्हणजे स्कॅन होणारच नाही असं नाही, पण टेक्निशियनला ते आधी माहीत हवं. लाजून किंवा घाईत सगळीकडे नाही अशी टिक मारू नका. एखादा शब्द कळला नाही तर बिनधास्त विचारा. चांगला प्रश्न फक्त वर्गातच विचारायचा असतो, असं थोडंच आहे?