लक्ष्मीबाईंचा सोबती

स्मरणिकेसाठी नगरशी नाते असलेल्या कुणावर तरी लिही, असे मित्रांनी सांगितले, तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तले उतारे आपल्यापैकी अनेकांनी मराठीच्या पुस्तकात वाचले असतील. त्या वयात नुसते हसू यायचे. आता वाचताना त्या विनोदामागे सोसलेले दिसते.

१८६८ साली नाशिकजवळ जलालपूरला गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे सोवळे टोकाचे. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळा नाहीच, अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. नवरा कवी आणि लहरी, केव्हा घर सोडून जाईल याचा नेम नसे. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आभाळ कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळतच. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे आधी त्यांचे त्यांनाच पटले. बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर. त्यांनी नवऱ्यामागे डोळे मिटून धर्म बदलला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे त्यांनी पोरक्या मुलांना घरात घेतले, प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. ज्यांची सावलीही नको होती, त्यांना जवळ घेताना देव जवळ आहे हे त्यांना उमगले असावे.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्या गेल्या. ग्रंथ छापून आला तो १९३८ मध्ये.

देव सोबत असला की दुःख येत नाही, असा बाईंचा सूर कुठेच नाही. दुःख आले, पण त्यात त्या एकट्या पडल्या नाहीत. माझा धर्म वेगळा, तरी हा आधार मला कळतो. मित्रहो, आपल्यातल्या काहींचे जोडीदार गेले, काहींची मुले परदेशी आहेत. अशा रिकाम्या घरात संध्याकाळी 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडा. आणि ज्या गुरुजनांनी ते पहिल्यांदा हाती दिले, त्यांना माझा नमस्कार.