कर्मवीर भाऊराव पाटील : पुरुषार्थाचे चरित्र

जैन दर्शनाने जगाचा कर्ता म्हणून ईश्वर मानलेला नाही. जिनमंदिरात आपण हात जोडतो ते वर मागण्यासाठी नव्हे, तर तीर्थंकरांच्या गुणांचे स्मरण व्हावे म्हणून. बंध आणि मोक्ष जीवाच्या स्वतःच्या पुरुषार्थावर अवलंबून आहेत, हे पाठशाळेतील मुलालाही ठाऊक असते. मात्र याच तत्त्वाचा एक सोयीचा अर्थही समाजात रूढ झाला. दारिद्र्य, अज्ञान, अस्पृश्यता हे ज्याचे त्याचे पूर्वकर्म, त्यात आपण काय करणार, असे म्हणून बाजूला होता येते. कर्मवीर भाऊराव पाटील आयुष्यात कधी असे बाजूला झाले नाहीत.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, शेतकरी जैन कुटुंबात झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. तेथे अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणीच त्यांनी विहिरीवरील रहाट मोडून टाकला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकू लागले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, ही अट त्यांनी मान्य केली नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग आपल्याच समाजाच्या संस्थेतील आहे, म्हणूनच आपल्या स्मरणिकेत तो नमूद असावा.

पुढे १९१४ मध्ये कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले. बोर्डिंगचे सूत्रधार अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला. कोठडीतील यातना असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, परंतु साक्ष दिली नाही. ज्यांच्याशी मतभेद होऊन आसरा सुटला, त्यांच्यासाठी सत्यव्रत पाळणे किती कठीण असते!

काही काळ त्यांनी ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या फिरतीत खेड्यांतील निरक्षरता जवळून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्यास भेट दिली व छत्रपती शाहूंचे नाव वसतिगृहास लाभले.

या वसतिगृहाची खरी कसोटी सभेत नव्हे, स्वयंपाकघरात लागली. लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या होत्या. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसवणे त्यांना प्रथम सोपे गेले नाही, परंतु पुढे त्याच त्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपले की एकेक दागिना मोडावा लागे आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या कार्याचा गौरव करताना या माउलीच्या त्यागाला पुष्कळदा एका ओळीत गुंडाळले जाते, हे योग्य नव्हे.

भाऊरावांनी नुसत्या दानावर विसंबणेही नाकारले. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, इमारतीचे दगड वाहावेत आणि त्या श्रमावर शिकावे, ही त्यांची कमवा व शिका योजना. गावकरी मूठमूठ धान्य देत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. त्यांच्या हयातीत संस्थेने पाचशेहून अधिक व्हॉलंटरी प्राथमिक शाळा व शंभरावर माध्यमिक विद्यालये काढली. ज्या वस्त्यांच्या नशिबी अक्षर नाही असे मानले जात होते, तेथील मुले शिक्षक, अधिकारी, आमदार झाली.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. तोपर्यंत प्रकृती ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. साताऱ्यात, संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही वटवृक्ष आहे.