रॉबर्ट ब्राऊन : परागकणांपासून डिफ्युजन एमआरआयपर्यंत

समजा, चाकण एमआयडीसीत शिफ्ट चालू आहे. एकाच्या पाठीत अचानक कळ येते आणि काही तासांत पाय लुळे पडतात. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला असेल, तरी साध्या एमआरआयमध्ये सुरुवातीला काहीच दिसत नाही, असं होऊ शकतं. तेव्हा डिफ्युजन एमआरआय कामी येतो. त्याचं मूळ मात्र एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मायक्रोस्कोपखाली आहे.

रॉबर्ट ब्राऊन यांचा जन्म १७७३ चा, स्कॉटलंडमधला. एडिंबरात वैद्यकीचं शिक्षण, मग सैन्यात सहायक सर्जन. १८०१ मध्ये ते जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाले आणि वनस्पतींचे हजारो नमुने घेऊन १८०५ मध्ये परतले. १८२७ मध्ये त्यांना परागकणांमधले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना दिसले. हे जिवंत आहेत का? त्यांनी दगडाची पूड टाकून पाहिली, तर तीही थरथरली! १८५८ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. थरथरीचं कारण तोवर कळलंच नव्हतं. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी ते मांडलं : पाण्याचे रेणू कणांना सतत धक्के देतात.

डिफ्युजन एमआरआय पाण्याच्या रेणूंची हीच हालचाल टिपतो. रक्त मिळेनासं झालं की पेशी सुजतात, पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग स्कॅनवर चमकतो. पण मज्जारज्जू बारीक असतो, श्वासानेही चित्र बिघडतं. म्हणून स्कॅन नॉर्मल आला तरी डॉक्टर लक्षणं सोडत नाहीत. पाय अचानक लुळे पडले, तर सकाळची वाट बघू नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.