अराई हाकुसेकी : खऱ्या नाण्याचा कैवारी

जपान देशांत १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याची सत्ता होती. राज्यकारभार सम्राटाच्या हातीं नसून शोगुन नांवाच्या सेनाधिपतीच्या हातीं असे. सादो बेटांतील सोन्यारुप्याच्या खाणी त्याच्या खास ताब्यांत असत, व ‘कोबान’ नांवाची लंबगोल सुवर्णमुद्रा त्याच्याच हुकुमानें पाडली जाई. या अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी ज्यानें ओळखली, तो पुरुष म्हणजे अराई हाकुसेकी होय.

त्याचा जन्म १६५७ सालीं येदो, म्हणजे हल्लींच्या टोकियो शहरीं झाला. बाप एका लहान सरदाराच्या पदरीं होता. बालपणीं रात्रीं लिहितांना झोंप येऊं लागली, कीं हाकुसेकी अंगावर थंड पाणी ओतून घेई व पुन्हां लिहावयास बसे. पुढें घरास दारिद्र्य आलें. कावामुरा झुइकेन या धनाढ्य व्यापाऱ्यानें आपली नात व मोठी संपत्ति देऊं केली. परंतु त्यानें ती नम्रपणें नाकारली. अखेर विद्येच्या बळावर १६९३ सालीं तो भावी शोगुन इएनोबू याचा गुरु झाला.

इतक्यांत सरकारी खजिना रिता झाला. १६९५ सालीं ओगिवारा शिगेहिदे या अधिकाऱ्यानें जुने कोबान आटवून हिणकस नाणें पाडविलें. वजन तेंच, पण सोन्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ८५ वरून ५७ वर आलें. सरकारास नफा झाला. रयतेचा विश्वास मात्र उडाला.

१७०९ सालीं इएनोबू शोगुन झाला. हाकुसेकीनें ओगिवाराविरुद्ध तीनदां लेखी विनंती केली, तेव्हां कोठें १७१२ सालीं त्यास काढण्यांत आलें. १७१४ सालीं पूर्वीच्या कसाचें नाणें पुन्हां पडूं लागलें. सोनेंरुपें परदेशीं वाहून जाऊं नये, म्हणून १७१५ सालीं नागासाकी बंदरांत वर्षास दोनच डच व तीस चिनी जहाजांस परवानगी ठेवण्यांत आली.

१७१६ सालीं नवा शोगुन येतांच हाकुसेकीचा अधिकार गेला. ग्रंथलेखनांत काळ घालवून तो १७२५ सालीं मरण पावला. शुद्ध नाणें संख्येनें थोडें पडून व्यापारास अडचण झाली, आणि १७३६ सालीं सरकारनें कस पुन्हां उतरविला. म्हणून वाढत्या व्यापारास अधिक नाणीं हवींच होतीं, असें कांहीं विद्वान् मानतात. तथापि राजमुद्रा हें प्रजेस दिलेलें वचन आहे, ही हाकुसेकीची शिकवण खोटी ठरत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, आपल्या शब्दाचा कसही असाच राखावा.