वाटेने घडविलेले आचार्य : धर्मानंद कोसंबी

प्रतिवर्षी जून महिन्यात आमच्या निवासी शाळेच्या ओसरीवर पत्र्याच्या पेट्यांची रांग लागते. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, तर कोणी येथूनच, बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगरातून आलेले असते. पहिल्या आठवड्यात रात्री दिवे मालवल्यावर काही अंथरुणांतून हुंदके ऐकू येतात. घर सोडून शिकावयास येणे ही काय गोष्ट आहे, हे आम्हां शिक्षकांना त्या हुंदक्यांनीच शिकविले. म्हणूनच या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे ठरले तेव्हा आमच्या मनात प्रथम नाव आले ते आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे. बुद्धाचा धम्म शिकण्याच्या ध्यासाने घर सोडून निघालेला आणि सारे आयुष्य वाटेवरच शिकत राहिलेला असा दुसरा मराठी माणूस आम्हांस ठाऊक नाही.

नारळीच्या बागेतील तरुण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साष्टी प्रांतात साखवाळ या खेड्यात झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. खेड्यात मराठीचे जुजबी शिक्षण मिळे. त्यापुढची दारे बंद होती. घरच्या नारळीच्या बागेची राखण, शिंपण आणि हिशेब ही कामे कोवळ्या वयातच त्यांच्या अंगावर पडली. १८९१ साली, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढचे आयुष्य नारळ मोजण्यात जाणार, असेच कोणीही म्हटले असते.

परंतु या तरुणास वाचनाचे वेड होते. हाती पडेल ते मराठी पुस्तक व मासिक तो वाचून काढी. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्याने भगवान बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्या थोडक्या पृष्ठांनी त्याच्या मनाची दिशा पालटली. या बुद्धाने नेमके काय सांगितले ते मुळातून जाणून घ्यावे, ही एकच इच्छा उरली. मुलांसाठी काढलेल्या एका मासिकाने एवढे घडवून आणले, हे आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची पाने दुमडणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

घराबाहेर पडण्याचे त्यांचे आरंभीचे प्रयत्न फसले. जावे आणि थोड्या दिवसांत परतावे, असे झाले. अखेर वडिलांच्या निधनानंतर, १८९९ साल संपता संपता, ते संस्कृत शिकण्यासाठी पुण्यास निघाले. मागे पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली कन्या माणिक होती.

काशीचे अन्नछत्र

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानाची भेट झाली, त्यांचा आधारही मिळाला. तथापि संस्कृताचा सखोल अभ्यास करावयाचा तर काशीसच गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते काशीस पोहोचले. खिशात पैसा नव्हता. दिवसाचे जेवण अन्नछत्रात, निवारा मिळेल तेथे, अंगावर अपुरी वस्त्रे आणि उत्तरेची कडाक्याची थंडी, अशा स्थितीत त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे नोंदवितो. धर्मानंद ब्राह्मण कुळात जन्मले होते, म्हणून त्या अन्नछत्राचे आणि शास्त्र्यांच्या पाठशाळेचे दार त्यांना उघडले. आपल्यापैकी बहुतेकांच्या पणजोबांना त्याच काळी त्याच दारी पाणीही मिळाले नसते. धर्मानंदांचे कष्ट खरे होते, परंतु त्या कष्टांना निदान वाट तरी होती. आपल्या पूर्वजांना कष्टांची वाण नव्हती. वाटच नाकारलेली होती. ती वाट बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मोकळी केली. हा भेद विसरून धर्मानंदांचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणि या भेदामुळे त्यांच्याकडून काही शिकावयाचे नाही असे ठरविणे तर त्याहून वाईट.

नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश

काशीत संस्कृत मिळाले, परंतु बुद्ध मिळाला नाही. १९०२ च्या आरंभी ते नेपाळकडे निघाले. डोंगरवाटा तुडवीत काठमांडूस पोहोचले, पण तेथील बौद्धधर्माची तत्कालीन अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. इतक्या सायासाने गाठलेल्या ठिकाणी हवे ते नाही, असे दिसल्यावर सामान्य माणूस घरी परततो. धर्मानंद बुद्धगयेस गेले. तेथून कलकत्त्यास महाबोधी सभेकडे आणि मग दक्षिणेची वाट धरून सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलाचार्यांच्या चरणी बसून त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेराची दीक्षा घेतली. पंचविशी ओलांडलेल्या या पुरुषाला तेथे नवी लिपी बाराखडीपासून गिरवावी लागली. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर तेथीलही लिपी शिकणे प्राप्त झाले, कारण त्रिपिटक पाली भाषेत असले तरी प्रत्येक देशाने ते आपापल्या अक्षरांत लिहून ठेवले होते. सहावीत आलो तरी इंग्रजी वाचता येत नाही म्हणून लाजणाऱ्या आमच्या मुलांना आम्ही हीच गोष्ट सांगतो. शिकण्याचे वय टळले असे धर्मानंदांना कधी वाटले नाही आणि लहान मुलांच्या पंक्तीत बसण्याचा त्यांना संकोचही झाला नाही.

मद्रास, ब्रह्मदेश, पुन्हा भारतातील कुशिनारा, सारनाथ, बुद्धगया अशी ती वर्षे गेली. कधी विहारात, कधी धर्मशाळेत, कधी रानात ध्यान करीत ते राहिले. भिक्षेत मिळाले ते खाल्ले. ज्या मुलाने नारळीची बाग राखली होती, त्याने या वर्षांत हाताने करावयाचे कोणतेही काम हलके मानले नाही.

चीवर उतरविले, व्रत नाही

१९०६ साली ते कलकत्त्यास आले आणि त्यांच्या आयुष्याने आणखी एक वळण घेतले. जे ज्ञान मिळविले ते आपल्या देशबांधवांना द्यावयाचे, तर गृहस्थ होऊन शिकविले पाहिजे, असा निश्चय करून त्यांनी चीवर उतरविले. नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. याच सुमारास, सुमारे सात वर्षांनंतर, ते गोव्यास जाऊन कुटुंबियांना भेटले.

त्या सात वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले असेल? धर्मानंदांच्या प्रवासाची वर्णने विद्यार्थी तन्मयतेने ऐकतात, परंतु तान्ही मुलगी कडेवर घेऊन वाट पाहणाऱ्या स्त्रीचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामागेही कोणी तरी असे मागे राहिलेले आहे. कोणाची आई ऊसतोडीला जाते, कोणाचे वडील मार्केट यार्डात पोती उचलतात. थोरांच्या चरित्रातून त्यांचे ऋण जसे शिकावयाचे, तसे त्यांच्यासाठी ज्यांनी सोसले त्यांचेही ऋण ओळखावयाचे, असे आम्हांस वाटते. धर्मानंदांनी पुढे आपल्या परीने हे ऋण फेडण्याचा यत्न केला. माणिक आणि १९०७ मध्ये जन्मलेले पुत्र दामोदर या दोघांनाही ते आपल्याबरोबर अमेरिकेस घेऊन गेले व तेथे शिकविले. ज्या काळी मुलींना शाळेतही धाडीत नसत, त्या काळी कन्येला समुद्रापार शिक्षणासाठी नेणे ही लहान गोष्ट नव्हती. दामोदर कोसंबी पुढे थोर गणिती व इतिहासकार म्हणून विख्यात झाले.

पन्नास रुपयांचे मोल

कलकत्त्यात चांगल्या वेतनाची नोकरी होती व वेतन वाढण्याची खात्रीही होती. त्याच वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कळविले की, महाराष्ट्रात राहून कार्य केल्यास दरमहा पन्नास रुपये साहाय्य मिळेल व वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. धर्मानंदांनी अधिक वेतन सोडून हे पन्नास रुपये पत्करले, कारण त्यांना मराठीत लिहावयाचे होते आणि मराठी माणसांना बुद्ध सांगावयाचा होता. मुंबई विद्यापीठात पालीचे शिक्षण सुरू व्हावे यासाठीही त्यांनी खटपट केली. बडोद्याच्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटेसे पुस्तक १९१० साली सिद्ध झाले.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी त्यांना अमेरिकेस बोलाविले. ज्याने कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती, त्याला जगातील एका अग्रगण्य विद्यापीठाचे निमंत्रण आले. तेथेही सारे सुरळीत नव्हते. ग्रंथाच्या संपादनाचे श्रेय कोणाचे, यावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते काम अपुरे ठेवून परतले. तरी ग्रंथ त्यांनी टाकला नाही. पुन्हा पुन्हा ते हार्वर्डला गेले. ती आवृत्ती छापून बाहेर पडली १९५० साली, त्यांच्या निधनानंतर. फळ डोळ्यांनी पाहावयास मिळेल याची हमी नसताना काम नीट करीत राहणे, याला तथागताच्या शिकवणीत सम्यक् व्यायाम म्हणतात. घटक चाचणीत गुण कमी पडले की वही फेकणाऱ्या आमच्या मुलांनी या ग्रंथाची कथा ऐकावी.

आपल्या पुण्यात

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे धर्मानंद पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. ज्या शहरात ते एके काळी आश्रय शोधीत आले होते, तेथेच आता विद्यार्थी त्यांच्याकडे येऊ लागले. पुढे पालीचे नामांकित पंडित झालेले पु. वि. बापट हे त्यांच्याच शिष्यांपैकी होत. बिबवेवाडीच्या टेकडीवर चढून पर्वतीच्या पलीकडे पाहिले की ज्या दिशेस फर्ग्युसनची टेकडी आहे, तेथेच महाराष्ट्रातील आधुनिक पाली अध्ययनाचा पाया घातला गेला.

पुण्यानंतरही त्यांचे पाऊल थांबले नाही. अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात, रशियात लेनिनग्राड येथे, पुन्हा अमेरिकेत, पुन्हा काशीस असे ते शिकवीत फिरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला व तुरुंगवासही पत्करला. समाजवादाचे वाचन आणि रशियातील वास्तव्य यांमुळे श्रमिकांच्या प्रश्नाकडे ते अधिक आस्थेने पाहू लागले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. जगातील मोठ्या ग्रंथालयांत बसलेला हा पंडित उतारवयात गिरणगावात जाऊन राहिला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१९४०-४१ मध्ये त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. रोगी, म्हातारा व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी चिकित्सेच्या कसोटीवर घासली आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाकडे लक्ष वेधले. पुढे बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण या कलहातच दाखविले आहे. पूज्य माणसाविषयीही प्रश्न विचारता येतो, किंबहुना विचारलाच पाहिजे, हे आमच्या वर्गात शिकविताना आम्ही याच उदाहरणाचा आधार घेतो.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे धर्मानंदांचे निधन झाले. स्वातंत्र्यास दोन-अडीच महिने उरले होते आणि नागपूरच्या धम्मदीक्षेस नऊ वर्षे. ज्या लक्षावधी माणसांना पुढे मराठीतून बुद्ध वाचावयाचा होता, त्यांच्यासाठी त्यांनी पुस्तके आधीच लिहून ठेवली होती.

पेटी उचलताना

दहावीनंतर आमचे विद्यार्थी पेटी उचलून बाहेर पडतात. सर्वांनाच मनाजोगते महाविद्यालय मिळत नाही. कोणी सुट्टीत मार्केट यार्डात भाजीच्या गाळ्यावर उभा राहतो, कोणी वर्तमानपत्रे टाकतो, कोणी उपाहारगृहात टेबले पुसतो. आणि रस्त्यात आम्ही दिसलो की तोंड चुकवितो. त्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे की, तोंड चुकवू नका. धर्मानंद बागेत राबले, अन्नछत्राच्या पंगतीत बसले, भिक्षापात्र घेऊन फिरले, तुरुंगात राहिले आणि व्यासपीठावरही उभे राहिले. यांपैकी कोणत्याही एका जागेवरून त्यांचे मोल ठरले नाही. प्रत्येक मुक्कामी त्यांनी काय शिकून घेतले, यावरून ते ठरले.

तुमचा मुक्काम कोणताही असो, तेथे काय शिकलात ते आम्हांस येऊन सांगा. आणि येताना, पहिल्या दिवशी तुमची पेटी येथवर वाहून आणणाऱ्या माणसालाही बरोबर घेऊन या.