नेव्हिल डिसोझा : चार गोल आणि एक नोकरी

धानाची कापणी उरकली की मूल आणि आसपासच्या गावांतील बांध्या मोकळ्या होतात, आणि धसकटे तुडवीत मुले चेंडूमागे धावू लागतात. अर्जेंटिना आणि पोर्तुगालच्या आघाडीवीरांची नावे या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा असतो. खेळून पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागणार असेल तर खेळावे, एरवी वेळ दवडू नये, असे साधे गणित ते मांडतात. जगाच्या मैदानावर गोल करण्याचे स्वप्न आणि महिन्याच्या पगाराची चिंता या दोन गोष्टी आपल्याकडे एका आयुष्यात क्वचितच भेटतात. नेव्हिल स्टीफन डिसोझा यांच्या आयुष्यात त्या भेटल्या. त्यांचे नाव मात्र ना मुलांना ठाऊक आहे, ना वडीलधाऱ्यांना.

डिसोझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. उदरनिर्वाहासाठी मुंबई गाठावी हा गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबांचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ. धोबीतलावच्या परिसरात त्यांच्या गावोगावचे कूड होते, आणि घरगुती चाकरीपासून बोटीवरील नोकरीपर्यंत मिळेल ते काम पत्करून ही माणसे मुंबईत स्थिरावत होती. बार्देशच्या लाल मातीतून आलेले फुटबॉलचे वेडही त्यांनी बरोबर आणले होते. नेव्हिल यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मेलबर्नमध्ये नेव्हिल भारताचा सदरा घालून उतरले, तेव्हा त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. ते भारतात येण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली.

मुंबईत ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागले. त्या काळातील मुंबईचा फुटबॉल म्हणजे प्रामुख्याने कंपन्यांचा आणि कचेऱ्यांचा फुटबॉल होता. १९०२ पासून चालत आलेल्या हारवुड लीगमध्ये या संघांच्या झुंजी होत. रोव्हर्स कपसाठी कलकत्ता आणि हैदराबादचे बलाढ्य संघ कूपरेजवर येत, आणि १९५८ साली तो कप जिंकला तो कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने. अशा संघांतील खेळाडू कागदोपत्री हौशी असे. त्याचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे आणि वेतन मिळे ते कर्मचारी म्हणून. गोल करण्याची वेगळी किंमत कोणी मोजत नसे.

या व्यवस्थेची आज हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु मूलसारख्या गावातील एखाद्या बापाला ती चटकन उमजेल. गुडघा निकामी झाला तरी चूल विझणार नाही, हे आश्वासन त्या काळी कोणत्याही भारतीय क्लबच्या करारापेक्षा अधिक भरवशाचे होते. तिची उणीव दुसरीकडे होती. नोकरीने खेळाडूला अन्न दिले. त्याला वर्षभर वरच्या दर्जाच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळवील अशी स्पर्धा मात्र तिने दिली नाही. देशव्यापी लीग सुरू होण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

१९५४ मध्ये मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, त्या संघात डिसोझा होते. परंतु त्यांच्या कारकिर्दीचा कळस गाठला गेला तो १९५६ च्या डिसेंबरातील पहिल्या आठवड्यात. त्याचे मोल कळण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाचा युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडविला होता. त्या नामुष्कीनंतर बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे प्रशिक्षक होते. संघाची घडी नव्याने बसविण्याचे त्यांचे काम मेलबर्नपर्यंत बरेच पुढे गेले होते. समर बॅनर्जी कर्णधार होते, आणि आघाडीच्या फळीत पी. के. बॅनर्जी व तुळशीदास बलराम यांच्यासारखे तरुण होते.

हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व सामन्यात, १ डिसेंबर रोजी, यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला डिसोझा यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसोझा यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, तर एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरो यांनी ती पुन्हा फेडली. मध्यंतराला २-२ अशी स्थिती होती आणि मैदान यजमानांच्या प्रेक्षकांचे होते. मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, डिसोझा यांनी तिसरा गोल केला. त्याला मात्र उत्तर आले नाही. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल करून विजयावर शिक्कामोर्तब केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऑस्ट्रेलियाचा संघ तेव्हा फारसा बलवान नव्हता, हे खरे आहे. परंतु हा विजय नशिबाचा होता असे कोणाला वाटत असेल, तर त्याच महिन्यात सिडनीच्या सामन्यात भारताने त्याच ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरविले, हेही नोंदवावयास हवे.

४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात समोर उभा होता युगोस्लाव्हिया, हेलसिंकीत दहा गोल चढविणारा तोच देश. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल केला, आणि भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा राहिला. ही आघाडी अवघी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या आणि सत्तावन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने गोल केले, पुढे आणखी दोन झाले, आणि सामना ४-१ असा संपला. ती दोन मिनिटे हा भारतीय फुटबॉलने गाठलेला सर्वांत उंच क्षण होय. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली आणि भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार, गोल करणाऱ्या तिघांत युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच, बल्गेरियाचे मिलानोव आणि मुंबईच्या टाटा संघाचे डिसोझा यांची नावे एका ओळीत आली.

विचार करावयास लावते ती ही ओळ. तिघेही नियमाप्रमाणे हौशीच होते. परंतु पूर्व युरोपातील हौशीपण नावापुरते होते. तेथे सेनादले, कारखाने आणि शासन खेळाडूच्या सरावाची पूर्ण तरतूद करीत, आणि राष्ट्रीय लीगमुळे त्याला अटीतटीचे सामने नित्य खेळावे लागत. आपला आघाडीवीर आठ दिवस त्यांच्या पंगतीत बसला आणि मायदेशी परतून पुन्हा कंपनीच्या संघात रुजू झाला. चोविसाव्या वर्षी, खेळाडूच्या ऐन उमेदीत, त्याच्यापुढे हारवुड लीगपेक्षा मोठी नित्याची पायरी नव्हती. दोष टाटांना देता येणार नाही, त्यांनी आपल्या वाट्याचे केले. अशा खेळाडूला पुढे कोठे खेळवायचे, हा प्रश्न फुटबॉलच्या कारभाऱ्यांना पडावयास हवा होता, आणि तो पडल्याचे दिसत नाही.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी पी. के. बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली संघ गेला, त्यात डिसोझा नव्हते. १९६१ पासून अर्जुन पुरस्कार सुरू झाला. मेलबर्नचे त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी, बलराम आणि पीटर थंगराज यांना तो मिळाला. डिसोझा यांचे नाव त्या यादीत नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मैदानावर एकदाही उतरलेला नाही. त्यामुळे मेलबर्नच्या त्या तीन गोलांशी बरोबरी करण्याची संधीही त्यानंतर कोणा भारतीय आघाडीवीराला मिळालेली नाही.